चेकपासून सुरुवात करा, स्वप्नापासून नको

अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण इंग्रजीच्या वर्गात घ्यायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी शेवटची पाच-सहा मिनिटंच घेतली जातात. 'आय हॅव अ ड्रीम' कितीदा आलं ते मोजा, अलंकार ओळखा, मग 'माझं स्वप्न' यावर दहा ओळी लिहा. शाळेतल्या मुलांपुरतं एकवेळ ठीक. पण ज्यांचं इंग्रजी मुळातच चांगलं आहे, जे ऑफिसात रोज ईमेल लिहितात, मीटिंगमध्ये बोलतात, अशा मोठ्या माणसांच्या वर्गातही हेच चालतं तेव्हा मला राग येतो. भाषणाचा कणा काढून घेऊन आपण त्यांच्या हातात नुसती सजावट देतो.

२८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर अडीच लाखांच्या आसपास माणसं जमली होती. त्या मोर्चाच्या नावात नोकऱ्या आधी होत्या, स्वातंत्र्य नंतर. हे मी फळ्यावर लिहूनच सुरुवात करते. ही माणसं स्वप्न ऐकायला आली नव्हती, थकलेलं देणं वसूल करायला आली होती. किंगही पहिल्या काही मिनिटांत तेच बोलतात. देशाच्या संस्थापकांनी संविधान आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला तेव्हा प्रत्येक अमेरिकन माणसाच्या नावे एक वचनचिठ्ठी लिहून दिली. काळ्या नागरिकांच्या बाबतीत देशाने ती पाळली नाही. त्यांच्या हाती चेक पडला तो 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा घेऊन परत आला. पण न्यायाची बँक बुडाली आहे हे मानायला आम्ही तयार नाही, म्हणून हा चेक वटवायला आलो आहोत.

माझ्या वर्गात पतसंस्थेत नोकरी करणारे एक गृहस्थ होते. एरवी फार बोलायचे नाहीत. हा परिच्छेद वाचून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, हे तर एकशे अडतीसचं प्रकरण झालं." म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम. सगळे हसले, पण नेमकं वर्म त्यांनाच कळलं होतं. चेक बाउन्स झाला की माणूस हात जोडत नाही, नोटीस पाठवतो. मग त्यांनी तो परिच्छेद आपणहून उलगडून दाखवला: देणं कुणाचं, कबूल कुठे केलं, बुडवलं कसं, आता आम्हाला काय हवं. परिच्छेदाची रचना इतकी स्वच्छ मला तरी कधी समजावता आली नसती.

या चेकमागे एक खरी चिठ्ठी असावी. भाषणाच्या मसुद्यावर काम केलेले वकील क्लॅरन्स जोन्स यांनी ती हकीकत नंतर सांगितली आहे. त्याच वर्षी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या वर्णभेदविरोधी आंदोलनात तुरुंगात गेलेल्यांना जामिनावर सोडवायला पैसे हवे होते. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून चेस मॅनहटन बँकेच्या तिजोरीतून एक लाख डॉलर मिळाले आणि जोन्स यांना तिथेच वचनचिठ्ठीवर सही करावी लागली. हे ऐकल्यावर वर्गात कुणी त्या चेकला नुसता अलंकार म्हणत नाही.

आपण इंग्रजीत विनंती करायला भरपूर शिकवतो. 'कुड यू प्लीज', 'सॉरी टू बॉदर यू', 'आय वॉज वंडरिंग इफ'. हक्काचं मागायला शिकवतच नाही. उत्तम इंग्रजी येणारी माणसंसुद्धा थकलेल्या पगाराचं पत्र माफी मागून सुरू करतात. किंग एकदाही आवाज घसरू न देता, एकही शिवी न देता मागतात. 'नाऊ इज द टाइम' सलग चार वाक्यांच्या सुरुवातीला येतं. तुमचं समाधान कधी होणार, असं विचारणाऱ्यांना ते अटींची यादीच ऐकवतात: पोलिसांचे अत्याचार चालू आहेत तोवर नाही, प्रवासात दमलेल्या आमच्या माणसांना हॉटेलात खोली मिळत नाही तोवर नाही. सौम्य भाषेत ठाम कसं राहायचं, हे शिकवणारा याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

स्वप्न मी शेवटीच घेते, आणि तिथे व्हिडिओ लावते. किंग बराच वेळ कागदावर नजर ठेवून वाचत असतात. मग गायिका महेलिया जॅक्सन मागून ओरडतात, मार्टिन, त्यांना स्वप्नाचं सांग. पुढचा तो प्रसिद्ध भाग लिहून आणलेल्या मसुद्यात नव्हता. आवाज बदलतो, वाक्यं लांबतात, गर्दी चर्चमधल्यासारखी साद देऊ लागते. पण हे वाऱ्यावर सुचलेलं नव्हतं, हेही मी आवर्जून सांगते. त्याच जूनमध्ये डेट्रॉइटला ते स्वप्नाबद्दल बोलले होते. उत्स्फूर्त बोलण्यामागे किती तालीम असते, हे प्रगत विद्यार्थ्यांनाच सांगायला हवं, कारण त्यांना अस्खलितपणा म्हणजे देणगी वाटते.

आणि पुढे काय झालं तेही सांगा. १५ सप्टेंबरला, तीन आठवडेही उलटले नव्हते, बर्मिंगहॅममधल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. नागरी हक्कांचा कायदा आला तो १९६४ च्या जुलैत, मतदानाचा १९६५ मध्ये. हे न सांगता भाषण संपवलं तर विद्यार्थ्यांना वाटतं, टाळ्या वाजल्या आणि प्रश्न सुटला.

नंतर मी निबंध देत नाही. तुमचं खरोखर थकलेलं एक देणं घ्या आणि त्या चेकच्या क्रमाने पत्र लिहा, असं सांगते. एका नर्सताईंनी ओव्हरटाइमच्या पैशांचं पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात तीन वेळा 'सॉरी' होतं, दुसऱ्यात एकदाही नाही.

पूर्ण भाषण घ्यायला वेळ नसतो, असं सहकारी म्हणतात. ते सुमारे सतरा मिनिटांचं आहे. एका तासिकेत दोनदा ऐकून होतं.