‘दम्याच्या घराण्यात सोयरीक नको’ या संदेशाला उत्तर

फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार येतो: दमा एका सदोष जनुकामुळे होतो, आईवडिलांपैकी एकाला असला की मुलाला तो होणारच, म्हणून लग्नाआधी जनुकचाचणी करावी, दम्याच्या घराण्यात सोयरीक करू नये आणि पंपाची सवय तर लावूच नये. दमा घराण्यात चालतो, एवढेच यातले खरे आहे.

सिकलसेलसारखा आजार एका जनुकातील बदलाने होतो. दमा तसा नव्हे. २००७ साली सतराव्या गुणसूत्रावरील एका भागाचा बालदम्याशी संबंध आढळला आणि त्यानंतर असे शंभराहून अधिक भाग सापडले, परंतु त्यांपैकी बहुतेकांमुळे धोका अगदी थोडाच वाढतो. त्वचेचे रक्षण करणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाचा परिणाम तुलनेने मोठा असतो. त्वचा कोरडी पडून आधी इसबाचा आणि पुढे दम्याचा त्रास होऊ शकतो. तरीही तो बिघाड असलेल्या कित्येकांना यातले काहीच होत नाही.

‘होणारच’ हा शब्द तर सर्वस्वी चुकीचा आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात, पण त्यांच्यातही एकाला दमा असून दुसऱ्याला नसल्याचे पुष्कळदा आढळते. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या मूळच्या युरोपीय शेतकरी समाजांची जनुकीय ठेवण मिळतीजुळती आहे. तरी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांमधील दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांमधील सुमारे २१ टक्के नोंदले आहे. आमिश मुले लहानपणापासून घरालगतच्या गोठ्यात वावरतात, हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांवर चालते. (दमा असलेल्या मुलाला गोठ्यात पाठवावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे.)

कोणाला दमा होईल हे खात्रीने सांगणारी जनुकचाचणी नाही. तीवर पैसे घालू नयेत.

पंपातील स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ती थेट श्वासनलिकांत जाऊन तिथली सूज उतरवते आणि तिचे व्यसन लागत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते. नेमक्या त्या महिन्यांत पंप सोडणे धोक्याचे आहे.

मला सर्वांत जास्त राग येतो तो सोयरिकीच्या मुद्द्याचा. स्थळ हातचे जाईल या भीतीने मुलीचा पंप लपवून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. पाहुण्यांसमोर, प्रवासात, पुढे सासरी तिच्या मात्रा चुकत राहतात, आणि रोजचे औषध असे चुकत गेले की दम्याचा झटका कधी जिवावर बेतेल याचा नेम राहत नाही.