‘आजीला नैराश्यासाठी वेळच नव्हता’: एका संदेशाचा प्रतिवाद

कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: आपल्या आज्यांना दहा माणसांचा स्वयंपाक आणि शेतातली कामे उरकता उरकता नैराश्यासाठी वेळच नव्हता, हे रिकाम्या मनाचे नवे खूळ आहे, कामाला लागले की ते जाते, आणि डॉक्टरांकडे गेलात तर जन्मभर गोळ्या मागे लागतात.

पूर्वी हा आजार नव्हता, हे पहिले विधान आपली भाषाच खोडून काढते. ‘मुलगा गेल्यापासून तिने हाय खाल्ली’, ‘त्याने अंथरूण धरले’, ‘अन्न गोड लागेना’, ‘कशातच राम वाटेना’ ही वाक्ये मानसोपचाराच्या पुस्तकांतून आलेली नाहीत. ती माजघरातली आहेत. त्याहून मागे जायचे तर चरकसंहितेने रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. एखाद्या आजीला नैराश्य होते की नाही हे आज ठरवता येणार नाही; तिला कोणी विचारले नव्हते, एवढे मात्र बहुतेक घरांत खरे असावे.

‘रिकाम्या मनाचे दुखणे’ हे दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण त्यामुळे कामसू माणसाची लक्षणे नजरेतून सुटतात. नैराश्य असलेली व्यक्ती डबे भरते, कचेरीत जाते, लग्नकार्यात हसतेही. शिवाय आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असे सांगत दवाखान्यात फारसे कोणी जात नाही. डोके जड राहते, अंग दुखते, थकवा हटत नाही, अशी तक्रार पुढे येते, तपासण्या होतात आणि ‘काही झालेले नाही’ हे ऐकून माणूस घरी परततो. थायरॉइडची कमतरता किंवा रक्तक्षय यांतही असा थकवा येतो, म्हणून त्या तपासण्या हव्यातच. परंतु त्या निर्दोष आल्याने प्रश्न संपत नाही. उदासी किंवा आवडत्या गोष्टींतून मन उडणे यांपैकी किमान एक लक्षण आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता किंवा हालचालींतील बदल, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी लक्षणे धरून एकूण पाच किंवा अधिक, बहुतेक रोज, किमान दोन आठवडे टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे विस्कटले, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे आणि सकाळ सर्वांत जड जाणे ही तर विशेष ध्यानात ठेवण्याजोगी खूण आहे. पुरुषांत उदासीऐवजी चिडचिड आणि वाढलेली दारू दिसू शकते. घरचे त्याला स्वभाव म्हणतात.

‘कामाला लागा’ या सल्ल्यात सत्याचा अंश आहे. सौम्य नैराश्यात नियमित व्यायामाचा उपयोग होतो, आणि लहान लहान कामे ठरवून हळूहळू दिनक्रम उभा करणे ही मानसोपचारातील मान्य पद्धत आहे. मात्र ज्याला आंघोळीसाठी उठणेही डोंगराएवढे वाटते, त्याला हेच टोमण्यासारखे सुनावले तर त्याचा अपराधीपणा तेवढा वाढतो.

गोळ्यांविषयी थोडक्यात. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांचे झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने किंवा अधिक चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत बंद करतात. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो, आणि ‘सवय लागली’ हा समज बहुधा तिथूनच येतो. वारंवार उलटणाऱ्या आजारात ती दीर्घकाळ लागू शकतात, हे खरे आहे. सौम्य आजारात मात्र समुपदेशन किंवा मानसोपचारही पुरेसे ठरू शकतात.

आणि हे खूळ असते, तर दवाखाने ओसंडून वाहिले असते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आल्याचे आढळले, तर नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांपासून दूर होते.

कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागले, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि औषधांचा साठा हाताशी राहू देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येते.