खुलासा : ‘डिजिटल बेनिन’मुळे मूर्ती घरी परतलेल्या नाहीत

‘बेनिनच्या पाच हजार कलाकृती इंटरनेटमुळे आफ्रिकेला परत मिळाल्या’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हे बेनिन म्हणजे त्या नावाचा देश नव्हे. आजच्या नायजेरियातलं एडो लोकांचं जुनं राज्य. १८९७ साली ब्रिटिश फौजेने त्याची राजधानी जाळली, राजवाडा लुटला. पितळी पट्ट, हस्तिदंती मुखवटे जगभर विकले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिटल बेनिन’ या संकेतस्थळावर सुरुवातीलाच २० देशांतल्या १३१ संस्थांकडच्या ५,२००हून अधिक वस्तूंची नोंद होती. नोंद, ताबा नव्हे. त्यातल्या बहुतेक वस्तू आजही त्या-त्या संग्रहालयांतच आहेत.

म्हणून हे काम कमी मोलाचं ठरत नाही. वस्तूंची एडो भाषेतली नावं तिथे आहेत, ती बोलणाऱ्यांच्या आवाजात ऐकता येतात. संग्रहालयाच्या कार्डावर नुसतं ‘भांडं’ लिहिलेल्या वस्तूला तिचं नाव परत मिळणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. शिवाय कुठे काय आहे हे कळल्याशिवाय मागणार तरी कसं?

खरी परतफेड वेगळी झाली आहे. जर्मनीने २०२२ मध्ये काही मूर्ती सुपूर्द केल्या, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू. ब्रिटिश म्युझियमकडे मात्र ९००हून अधिक वस्तू अजून आहेत. संग्रहातल्या वस्तू सहसा देऊन टाकू न देणारा १९६३ चा ब्रिटिश कायदा परतफेडीच्या आड येतो. तो मजकूर पुढे पाठवला असेल, तर कृपया ही दुरुस्तीही पाठवा.