कावळा उशिरा शिवला म्हणून

आज मामाचं वर्षश्राद्ध झालं. तो गेला तेव्हा मामीने त्याचे अवयव दान केले होते, त्यावरून आजचं हे सगळं. सकाळपासून गप्प होते, पण आता लिहितेच, नाहीतर झोप लागायची नाही.

पंगतीत मामीच्या हातचे वडे खाता खाता आमचे एक नातेवाईक, वयाने मोठे, नाव घेत नाही, म्हणाले, "दहाव्याला दीड तास कावळा शिवला नव्हता, आठवतंय ना? देह अर्धामुर्धा पाठवला की असंच होणार." वर शेजारच्याच्या कानात, "काहीतरी मिळालं असेलच हिला." मामी कढी वाढत होती. तिने ऐकलं.

मिळालं? अहो १९९४ पासून कायदा आहे, अवयव विकणं-घेणं गुन्हा आहे! मामीला मिळाला तो मामाचा चष्मा, घड्याळ आणि एक सर्टिफिकेट, तेही ती कपाटातून बाहेर काढत नाही.

मामा एसटीत ड्रायव्हर. ४९ वर्षांचा. पहाटे ड्युटीवर निघताना हातातल्या चहाच्या कपासकट खाली कोसळला, मेंदूत रक्तस्राव. साताऱ्याहून पुण्याला हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड. आता हे समजून घ्यायचं कसं सांगा, अंग गरम, व्हेंटिलेटरवर छाती वर-खाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि ते म्हणतात माणूस गेला. टेस्ट दोनदा करतात, मध्ये किमान सहा तास जावे लागतात. व्हेंटिलेटर काढून बघतात, स्वतःहून एक तरी श्वास घेतोय का. ते सहा तास आम्ही पॅसेजमध्ये बसून काढले, आणि मी अक्षरशः घड्याळाला हात जोडत होते की दुसरी टेस्ट चुकू दे.

चुकली नाही.

मग समुपदेशक बाई आल्या, मामीशेजारी खाली फरशीवरच बसल्या. मामीने एकच विचारलं, "यांना दुखंल का?" त्या नाही म्हणाल्या. मामी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "घ्या. डोळे पण घ्या." दोन किडन्या, लिव्हर, डोळे. हृदय काही घेता आलं नाही. लिव्हर दुसऱ्या हॉस्पिटलला गेलं, ग्रीन कॉरिडॉर करून, सगळे सिग्नल मोकळे. आयुष्यभर कात्रजच्या ट्रॅफिकला शिव्या घालणारा माझा मामा, बघा.

हो, हे मान्य की सही केल्यावर बॉडी हातात यायला जवळपास दिवस गेला, घरी आजी ताटकळत बसली होती आणि त्याचं वाईट अजून वाटतं. आणि किडनीचे धंदे झालेत, लोक घाबरतात ते उगाच नाही, हेही मान्य. पण म्हणून मामीवर संशय?

आणि तो कावळा! संगम माहुलीला त्या दिवशी आमच्यासकट सात-आठ दहावे होते, पाऊस पडत होता, कावळ्यांची पोटं टम्म. "पोरीचं शिक्षण करू", "कर्ज फेडू" म्हणून सगळ्यांनी कबूल करून झालं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले तेवढ्यात एक आला आणि शिवला. संपला विषय. दधीचींनी हाडं दिली ते कीर्तनात ऐकून मान डोलवणारे हेच लोक, त्यांच्या दहाव्याला कावळा किती वेळाने शिवला होता विचारा की एकदा. (देहदान वेगळं हो, तेही यांना कळत नाही. मामाला आम्हीच अग्नी दिला, टाके व्यवस्थित घातलेले, अंगावर त्याचा आवडता पांढरा शर्ट.)

जाऊ दे. राग उतरला थोडा.

कुणाला काय मिळालं ते सांगत नाहीत, नावं गुप्त ठेवतात. एवढंच कळलं की किडनी मिळालेल्यांपैकी एकजण कित्येक वर्षं डायलिसिसवर होता. मामी मधूनच म्हणते, "त्याला आता पोटभर पाणी पिता येत असंल, नाही?" डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून प्यावं लागतं ना, ते तिने कुणाकडून तरी ऐकलंय. मामा गेला तो गेलाच, त्याची रिकामी खुर्ची बघवत नाही. पण हे पाण्याचं वाक्य ती बोलते तेव्हा तिचा आवाज बदलतो, आणि मलाही बरं वाटतं, का ते नाही सांगता येत.

आज गच्चीवर पान ठेवलं तर कावळ्याच्या आधी शेजारचं मांजर आलं आणि वडा घेऊन पळालं. ते नातेवाईक "हाकला हाकला" करत उठले. मामी म्हणाली, "राहू द्या भावजी, यांना मांजरं आवडायची."