खात्रीची जोडी

गेल्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता मी पाण्याच्या पिशवीत दोन एंजल मासे घेऊन, ज्या दुकानातून ते विकत घेतले होते त्याच दुकानाची पायरी तक्रारदार म्हणून चढलो, आणि पावणेबारा वाजता तीच पिशवी, तेच मासे आणि शिवाय चाळीस गप्पी घेऊन आरोपीसारखा खाली उतरलो. दुकान रत्नागिरीतले आहे, एवढेच सांगतो. नाव सांगत नाही, कारण हवेचा पंप बिघडला की मला पुन्हा तिथेच जावे लागणार आहे.

हौस म्हणून मासे पाळणे आणि हौस म्हणून त्यांची पैदास करणे यांत तबला ऐकणे आणि तबला शिकणे यांच्याइतके अंतर आहे. पैदास कोणत्या माशाची करावी या विचारात मी दोन महिने घालवले. डिस्कस मला फार आवडला होता. त्याची पिल्ले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, हे वाचून मला गहिवरूनही आले होते. पण त्याच्या टाकीचे पाणी अठ्ठावीस ते तीस अंशांवर अखंड ठेवावे लागते, आणि ‘अखंड’ हा शब्द आमच्या वाडीत विजेच्या संदर्भात कोणी वापरत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा आम्ही ज्या अंधारात बसलो होतो त्या अंधारात डिस्कसची बाळंतपणे होत नसतात.

फायटरचा नर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर घरटे बांधतो, अंडी एकेक करून उचलून त्यात ठेवतो, मादीला हाकलून देतो आणि पुढची राखण एकटा करतो, असा कर्तव्यदक्ष मासा आहे. मात्र हे नर वयात आले की एकमेकांचे पंख फाडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बाटली द्यावी लागते. शंभर पिल्ले जगली आणि त्यांतले निम्मे नर निघाले तरी पन्नास बाटल्या झाल्या. आमच्या घरात पन्नास बाटल्या आहेत. परंतु त्यांत कोकमाचे आगळ आहे, आणि हा विषय पत्नीने एका वाक्यात संपवला. गोल्डफिश स्वतःची अंडी पाणवनस्पतींवर उधळतो आणि मागे वळून तीच खातो, त्यामुळे त्याच्याविषयी आदर वाटेना. मोलीला खारट पाणीही चालते. खाडीकाठी ज्यांच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येते त्यांनी तिचा जरूर विचार करावा. आमची विहीर मात्र जांभ्यातली. जांभ्यातले पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. गप्पी आणि मोली यांना क्षार असलेले जड पाणी अधिक मानवते, तर एंजल मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला असल्यामुळे त्याला असेच मऊ पाणी लागते. थोडक्यात, मासा मी निवडला नाही, विहिरीने निवडला.

इथपर्यंत माझे काहीही चुकलेले नव्हते, हे मी नमूद करून ठेवतो. चूक पुढे झाली. एंजलमधले नर आणि मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. म्हणून जाणकार माणसे सहा लहान पिल्ले आणतात, आठ-दहा महिने वाढवतात आणि त्यांचे त्यांना जुळवू देतात. माझे वय चोपन्न आहे आणि तेवढा धीर माझ्यात उरलेला नाही. दुकानदार म्हणाला, “खात्रीची जोडी देतो, बाराशे रुपये.” सुटा एंजल साडेतीनशेला होता, म्हणजे दोन माशांचे सातशे झाले. वरचे ५०० रुपये खात्रीचे होते.

बाराव्या दिवशी त्यांनी टाकीत उभ्या ठेवलेल्या मंगलोरी कौलाच्या तुकड्यावर ओळीने अंडी घातली आणि दोघेही पंखांनी त्यांना वारा घालू लागले. मी बारशाच्या तयारीला लागलो. एंजलच्या पिल्लांना पोहता येऊ लागताच जिवंत, अतिशय बारीक खाद्य लागते. त्यासाठी आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की सुमारे चोवीस तासांत त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव बाहेर पडतात. ह्या उद्योगासाठी आगळाची एक बाटली मी रात्री गुपचूप रिकामी केली. शेजारच्या काकू टाकीपाशी येऊन बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि “एवढीशीच गाभोळी?” असे म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांवर कापसासारखी बुरशी धरली. पुढच्या पंधरवड्यात हेच सारे पुन्हा घडले तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. अंडी घालण्याच्या वेळी माशाच्या पोटाखाली एक लहानशी नळी दिसते. नराची बारीक आणि टोकदार असते, मादीची जाड आणि बोथट. माझ्या टाकीतल्या दोन्ही नळ्या बोथट होत्या आणि अंडी दोघीही घालत होत्या. नर भेटला नाही तर एंजलच्या माद्या आपसात जोडी जमवतात आणि रीतसर संसार मांडतात, हे मला तेव्हा समजले.

दुकानात गेलो तेव्हा दुकानदार रंगीत खडे तोलत होता, आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर पांढऱ्या सदऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ काचेच्या बरणीतले गप्पी मोजत बसले होते. मी दुकानदाराला सांगायला सुरुवात केली, पण ऐकले त्यांनी.

“दोघींनी घातली?” त्यांनी विचारले.

“हो.”

“पाणी कुठलं?”

“विहिरीचं.”

“विहिरीत गप्पी आहेत?”

“आहेत.”

“मग हे कशाला?” असे म्हणून त्यांनी माझ्या पिशवीकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आमच्याकडे मे महिन्यात हापूस सोडून सफरचंद खाणाऱ्या पाहुण्याकडे पाहतात. मग त्यांनी ओळख करून दिली. “मी मलेरियात होतो. एकतीस वर्षं.” डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरी, हौद आणि डबकी यांत गप्पी सोडत त्यांनी अर्धा जिल्हा पायी पालथा घातला होता. माझ्या वाडीचे नाव ऐकताच त्यांनी डोळे मिटले.

“चौकोनी विहीर. रहाट मोडका. बाजूला रातांब्याचं झाड.”

रहाट दुरुस्त होऊन वीस वर्षे झाली आहेत. बाकी सारे बरोबर होते.

“शहाऐंशीच्या जूनमध्ये वीस सोडले. पाणी नासवलं म्हणून तुमच्या आजीने मला शिव्या घातल्या.” हेही बरोबर असणार, कारण आजी पुढे आयुष्यभर पाणी फडक्याने गाळत असे आणि कळशीत आलेला गप्पी “जा हो आपल्या घरी” असे म्हणत विहिरीत परत सोडत असे. “म्हणजे आज तुमच्या विहिरीत जे आहेत, ते माझे.”

“विहीर माझी आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मला का उच्चारावेसे वाटले, ते कळत नाही.

“विहीर तुमचीच हो. मासे खात्याचे.”

आपणही काही वाचलेले आहे हे दाखवण्याच्या मोहात पडून मी सांगितले, की रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या माणसाने हा मासा त्रिनिदादहून लंडनला पाठवला आणि १८६६ मध्ये त्याचे नाव माशाला दिले गेले. प्रत्यक्षात माशाचे वर्णन त्याआधीच, १८५९ मध्ये, झालेले असल्यामुळे ते शास्त्रीय नाव टिकले नाही, पण बोलण्यात गप्पीच राहिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“असेल त्रिनिदादचा. तुमच्या विहिरीतला माझा.”

त्यानंतर गप्पीचे गुणवर्णन झाले. नर रंगीत आणि लहान, मादी करडी आणि मोठी, म्हणजे ओळखायला भिंग नको. अंड्यांची भानगड नाही, पिल्ले जन्मतः पोहतात. चार आठवड्यांत एक वेत होते, आणि एकदा नराची गाठ पडली की मादी पुढे काही महिने त्याच भेटीवर वेतामागून वेत काढते. “एक मादी डब्यातून नेली तरी वाडीला पुरते,” ते म्हणाले, “आणि तीही फुकट.” हे सारे खरे आहे, हाच त्यातला सर्वांत त्रासदायक भाग होता.

मी त्यांच्याकडे पाठ करून दुकानदाराकडे ५०० रुपये मागितले. दुकानदाराने तराजू खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारले, “काय करायचं, काका?”

काकांनी मला वळायला लावले. “अंडी घातली?”

“घातली.”

“एकमेकींशी भांडल्या?”

“नाही.”

“अंडी राखली?”

“राखली, पण...”

“मग जोडी खात्रीचीच की! तुम्हांला त्यात नर पाहिजे होता, तर तसं बोलायला हवं होतं.”

दुकानदाराच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी अजून विसरलेलो नाही. आंब्याच्या पेटीत परराज्यातले फळ निघाले तर आम्ही केवढे खवळतो. त्यासाठी २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. एंजलची मादी नर म्हणून विकली तर मात्र दाद कुठे मागायची, हे कोणी सांगत नाही. पावती मागितली तर “आपण ओळखीचे ना?” असे विचारले जाते, आणि पैसे परत मागितले की ओळख संपते. विनोद बाजूला ठेवतो. मला याचा खरोखर संताप येतो. क्लाउनफिश घेतला असता तर हा प्रसंगच आला नसता, कारण त्यांची सगळी पिल्ले आधी नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. कोणतीही दोन पिल्ले उचलली तरी जोडी जमते. परंतु त्याला समुद्राचे पाणी लागते, आणि समुद्र दारात असला तरी तो काचेच्या पेटीत टिकवणे हे माझ्यासारख्याचे काम नव्हे.

मी हा विचार करत असताना काकांनी माझ्यासाठी चाळीस गप्पी मोजून पिशवीत सोडले होते. मासे फुकट होते. पिशवी आणि ऑक्सिजन यांचे दुकानदाराने तीस रुपये घेतले, आणि मी ते दिले. पाचशे घ्यायला गेलेला माणूस तीस देऊन आला, हे पत्नीने घरी आल्याआल्या हिशेबाच्या वहीत लिहिले.

गुरुवारी गप्पीच्या एका मादीने पिल्ले घातली. एंजलच्या पिल्लांसाठी सिद्ध केलेला आर्टेमिया त्यांनी संपवला. काल संध्याकाळी काका पत्ता विचारत घरी आले, टाकीकडे न बघता थेट विहिरीवर गेले, वाकून “आहेत” एवढेच म्हणाले आणि खिशातल्या खडूने कठड्यावर तारीख घातली. चहा घेताना त्यांची नजर कौलाकडे गेली. दोघींनी तिसऱ्यांदा अंडी घातली होती आणि त्या एकीआड एक वारा घालत होत्या.

“ह्यांना एक नर आणा,” ते जरा मऊ होऊन म्हणाले. “सुटा आणा साडेतीनशेचा. खात्रीचा नको.”

सुट्या माशांत नर कोणता हे ओळखायचे कसे, असे मी विचारले.

“अंडी घातली नाहीत, की समजायचं,” असे म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.