वीज लागणारच, म्हणून शेअर वाढणारच?

परवा भाचा घरी आला होता. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आहे. चहा गार व्हायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला. "मामा, हा सीपीएसई ईटीएफ बघा. कोळसा, वीज, तेल सगळं आलं. देशाला वीज तर लागणारच ना? चार लाख टाकतोय."

सीपीएसई म्हणजे केंद्र सरकारच्या कंपन्या, आणि ईटीएफ म्हणजे अनेक शेअरची एक टोपली, जी बाजारात एखाद्या शेअरसारखी घेता-विकता येते. म्हटलं, थांब, आधी याच्या पोटात काय आहे ते बघू. यादी उघडली. एनटीपीसी, पॉवर ग्रिड, ओएनजीसी, कोल इंडिया. भारत इलेक्ट्रॉनिक्ससारखी संरक्षणातली कंपनीही आहे, पण मोठा वाटा ऊर्जेचाच. आणि सगळ्यांचा मोठा भागधारक एकच, केंद्र सरकार. मार्च 2014 मध्ये हा फंड आणला तोच मुळी सरकारी हिस्सा विकण्यासाठी. एवढ्या कंपन्या घेतल्या म्हणजे जोखीम वाटली गेली असं पोराला वाटत होतं. लगाम मात्र एकाच हातात.

"वीज लागणारच" या एका वाक्यावर मीही 2010 मध्ये पैसे लावले होते. कोल इंडियाचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, भाव 245 रुपये. आमच्या भागात घरटी कुणीतरी वेकोलित (कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये), त्यामुळे सगळ्यांनीच फॉर्म भरले. मागणीचा अंदाज अजिबात चुकला नाही. 2010-11 मध्ये कंपनीने सुमारे 43 कोटी टन कोळसा काढला, 2019-20 मध्ये 60 कोटी टन. आणि शेअर? 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सव्वाशेच्याही खाली. लाभांश चांगला मिळत राहिला, 2024 मध्ये भाव पाचशेपार गेला, हेही खरं. पण मधल्या दहा वर्षांत कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, कुणाला घर बांधायचं होतं. त्यांनी पडत्या भावात विकले.

असं का होतं, ते भाच्याला समजावून सांगितलं. एनटीपीसीच्या विजेचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. औष्णिक प्रकल्पांना भागभांडवलावर साडेपंधरा टक्के परतावा धरून तो बांधलेला असतो. उन्हाळ्यात मागणी कितीही चढली तरी नफा त्या पटीत चढत नाही. ओएनजीसीचं तर अजून वेगळं. 2022 मध्ये तेल भडकलं आणि 1 जुलैपासून सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपये जादा कर लावला. मालक सरकार म्हटल्यावर राजकारणाचा फटकाही बसतो. 4 जून 2024 ला लोकसभेचे निकाल लागले, त्या एका दिवसात सरकारी शेअर कसे आपटले ते त्याने स्वतःच पाहिलं होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याचा पगार कोळशाच्या विजेतून येतो. क्वार्टर, ग्रॅच्युइटी, सगळं त्याच धंद्यावर. त्याच्याच केंद्रातले 210 मेगावॅटचे पहिले दोन संच कायमचे बंद झालेत. आणि हा साठवलेले पैसेही पुन्हा कोळशातच घालायला निघालेला! बायको-पोरं आहेत रे तुझ्यामागे.

ऊर्जेचा ईटीएफ घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडेही आहे, थोडा. घेताना एनएव्ही (युनिटमागे आतल्या शेअरची खरी किंमत) आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघा आणि लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होत नाही, एवढं मात्र नक्की पाळा.

शेवटी त्याने चाळीस हजारांचे युनिट घेतले. बाकीचे निफ्टी 50 च्या, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या, साध्या ईटीएफमध्ये दर महिन्याला थोडे थोडे टाकणार आहे. त्या ईटीएफची यादी उघडली तर त्यातही एनटीपीसी, पॉवर ग्रिड, ओएनजीसी आणि कोल इंडिया होतेच.