किलोमीटर नको, वेळ सांगा

आमच्या आजोळापासून तापोळ्याचा सरकारी दवाखाना किती लांब? नकाशावर पट्टी ठेवली तर साडेचार किलोमीटर. कुठल्याशा पाहणीच्या फॉर्मवर गावाच्या नावापुढे हाच आकडा लिहिलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आता या साडेचार किलोमीटरमध्ये आहे काय, तर कोयना धरणाचं पाणी. शिवसागर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचं आजोळ कांदाटी खोऱ्यात, हे खोरं महाबळेश्वर तालुक्यातच येतं, पण तापोळ्याहून पाण्याच्या पलीकडे. साठच्या दशकात धरण भरलं आणि खोऱ्यातली भातखाचरं, वाटा, नदीचे उतार, सगळं बुडालं. आजी सांगायची की लग्न होऊन आली तेव्हा उन्हाळ्यात नदी पायी ओलांडून पलीकडच्या गावाला जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. धरणानंतर तेच गाव लाँचच्या वेळेवर गेलं. अंतर एक हातसुद्धा वाढलं नाही, वाढला तो वेळ.

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये आजी ओट्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. सकाळी सहाला मामाचा फोन आला. पाऊस आणि वारा असा की लाँच सुटणं शक्यच नाही, आणि कोकणात खेडच्या बाजूला उतरणारा रघुवीर घाट दरड पडून बंद. माणसं डोली करून धक्क्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. दुपारी वारा पडला तेव्हा लाँच निघाली, मग तापोळा, तिथून जीपने महाबळेश्वर करत सातारा. रात्री अकराला आजी साताऱ्यात हॉस्पिटलला पोचली. सतरा तास. आजी वाचली पण नंतर कधी उठून चालली नाही, आणि पुढच्या वर्षी गेली.

मी ठाण्यात अकाउंट्सचं काम करते, नकाशांशी माझा काही संबंध नव्हता. पण तो साडेचारचा आकडा डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलं की आपल्या खोऱ्याचा वेळेचा नकाशा आपणच करायचा, म्हणजे दवाखान्यापासून अर्ध्या तासात कुठपर्यंत, एका तासात कुठपर्यंत, तीन तासांत कुठपर्यंत पोचता येतं त्याचे रंगवलेले पट्टे. याला आयसोक्रोन म्हणतात हे नंतर कळलं. कल्पना जुनी आहे. १८८१ मध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनपासून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा असाच रंगीत नकाशा छापला होता, पहिला पट्टा दहा दिवसांचा आणि शेवटचा चाळीस दिवसांच्या वरचा. त्याने ते बोटींची वेळापत्रकं आणि प्रवाशांच्या माहितीवरून बसवलं, आज तेच काम घरच्या लॅपटॉपवर होतं, आणि तेही फुकट, कारण ओपनस्ट्रीटमॅप आहे.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला. तिथे सरकारी नकाशे चांगले होते पण ते वापरायचे तर लायसन्स आणि पैसे, म्हणून लोक जीपीएस घेऊन सायकलवर फिरले आणि आपला नकाशा आपण काढला. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून सॅटेलाइट फोटोवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदत पथकांनी तोच नकाशा वापरला. आपल्याकडे तर नकाशा म्हटला की परवानगी आणि निर्बंध हेच वर्षानुवर्षं डोक्यात बसलेलं, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी ते बरंच मोकळं झालं. पुढच्या वर्षी ग्रामसडक योजनेचा रस्त्यांचा आणि वाड्यावस्त्यांचा डेटा सरकारने खुला केला, आणि ही खरंच मोठी गोष्ट आहे, याची आपल्याकडे पाहिजे तेवढी चर्चाच झाली नाही.

तर काम कसं चालतं. नकाशात रस्त्याचा प्रत्येक तुकडा असतो, त्याची लांबी असते, तो कसला रस्ता आहे ते लिहिलेलं असतं. प्रत्येक प्रकाराला एक वेग धरायचा, लांबीला वेगाने भागलं की त्या तुकड्याचा वेळ मिळाला. मग दवाखान्याच्या ठिकाणी सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं, शेतात पाटाचं पाणी सोडल्यावर ते जसं मोकळ्या सरीतून पुढे पळतं आणि ढेकळात अडतं तसं. डांबरीवर भराभर, पाऊलवाटेवर हळू. गणिताची रीत डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकतज्ज्ञाची, १९५९ मध्ये छापून आलेली, आजही बरीचशी सॉफ्टवेअरं तिच्याच पायावर उभी आहेत.

पहिला नकाशा तयार झाला आणि तो धडधडीत खोटा होता. खोऱ्यातली अर्धी गावं पांढरी, म्हणजे तिथे पोचताच येत नाही, कारण पाऊलवाटा कुणी काढलेल्याच नव्हत्या. आणि जिथे रंग होता तिथे वेळ इतका कमी की वाचून राग यावा. कारण शोधलं. ओएसआरएम नावाचं जे सॉफ्टवेअर मी वापरलं त्यात आमचा घाटरस्ता ज्या वर्गात मोडतो त्या रस्त्यांना ताशी ४० किलोमीटर धरलेलं असतं. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा घाट धुक्यात चाळीसने? मी कोरड्या दिवसाला वीस धरलं आणि पावसाला बारा. बोटीला त्यात आधीपासून ताशी पाच किलोमीटर असतं, तेवढं एक वेळ चालेल, पण धक्क्यावर वाट बघण्यात जो वेळ जातो त्याचं काय? तो कुठेच नाही. मी मामाला फोन करून विचारलं, लाँच किती वाजता असते ते सांग, मी भरते. मामा म्हणाला, "अगं पोरी, लाँच काय तुझ्या घड्याळावर चालती व्हय? माणसं भरली की सुटती."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. नकाशा करणाऱ्यांनी हे असं वाक्य ऐकल्याशिवाय पुढे जाऊच नये असं मला मनापासून वाटतं.

मग दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये खोऱ्यात फिरले, फोनवर जीपीएस चालू ठेवून वाटा चालले, नकाशात भरल्या. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरांना विचारत गेले, ते व्हॉइस मेसेज पाठवायचे की अमुक वाडीपासून धक्का चालत पाऊण तास, पण ओझं असलं तर सव्वा तास. चढाचं गणित सॉफ्टवेअरला शिकवायचं तर उंचीचा डेटा लागतो आणि तोसुद्धा खुला मिळतो, फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर यानाने रडारने पृथ्वी मोजली होती त्यातला. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आहे, पाच किलोमीटरला एक तास आणि वर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या सह्याद्रीत कोरड्या वाटेवर तो बऱ्यापैकी लागू पडतो. डोली खांद्यावर असेल तर वेळ दुप्पट धर, हे मामाने सांगितलं, आणि ते मी तसंच धरलं.

तेव्हा कुठे लक्षात आलं की एक नकाशा करून चालणारच नाही. ऑक्टोबरचा वेगळा, मेचा वेगळा, जुलैचा वेगळा. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असतं, लाँच धक्क्याला लागते, घाट उघडे, त्या दिवसांत आजोळापासून तापोळ्याचा दवाखाना वाट बघण्यासकट सव्वा तास. मेमध्ये पाणी मागे सरकतं, लाँच लांब उभी राहते, चिखलातून नि दगडांतून उतरत जावं लागतं, दोन तासांच्या वर. जुलैच्या नकाशात मी वाऱ्याच्या दिवसांसाठी लाँच बंद केली आणि रघुवीर घाट बंद केला. संगणकाने गावाला रंगच दिला नाही. पांढरं. मी बराच वेळ नुसती बघत बसले होते, आई मागून आली, तिलाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि दुसरी एक गोष्ट जी मला आधी कधी सुचलीच नव्हती. घाट उघडा असला की खोऱ्यातल्या काही गावांना खेड जवळ पडतं, सातारा नाही. पण जिल्हा सातारा, तहसील महाबळेश्वर, म्हणून दाखला काढायला माणूस पाणी ओलांडून घाट चढून जातो. जिल्ह्याची रेघ डोंगराच्या धारेवरून जाते आणि माणसं जातात रस्त्याने. वेळेचा नकाशा हे एका नजरेत दाखवतो, शंभर निवेदनांना जे जमत नाही ते.

लोक म्हणतात, गुगल मॅप आहे ना, कशाला एवढा खटाटोप. आहे, मीपण वापरते, पण तो मला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसं जायचं ते सांगतो. मला सगळ्या वाड्यांपासून सगळ्या दवाखान्यांचा वेळ एकदम काढायचाय, जुलैत वेगळा आणि मेमध्ये वेगळा, आणि तो कसा काढला हे दुसऱ्याला दाखवायचंय म्हणजे तो म्हणेल की ताई, इथे चुकलंय. त्यासाठी मुळातला डेटा हातात पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मी भरलेली वाट उद्या एखाद्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला वापरता येते, ट्रेकरला वापरता येते, संशोधकाला वापरता येते, आणि कुणालाच माझी परवानगी लागत नाही. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००६ मध्येच तिथल्या वाहतूक खात्यासाठी असे नकाशे केले होते, ख्रिस लाइटफूट नावाच्या माणसाने, की सकाळी नऊच्या आत कामावर पोचायचं तर कुठून किती वाजता निघावं लागेल, बस आणि रेल्वे धरून. आज वीस वर्षं होत आली. आपल्याकडे दिल्लीने २०१८ मध्ये बसचा डेटा खुला केला, कोचीच्या मेट्रोनेही केला. मग आपल्या गावोगावच्या एसटीचं सगळं वेळापत्रक असं संगणकाला वाचता येईल अशा रूपात, कुणालाही उतरवून घेता येईल असं का नसावं? त्यासाठी जीटीएफएस नावाची साधी पद्धत आहे, साध्या टेक्स्ट फाइली असतात, थांबे, फेऱ्या, वेळा. स्टँडच्या भिंतीवर जे रंगवलेलं असतं तेच. लाँचचंही करता येईल, आणि घाट बंद झाला की तेही तारखेसकट टाकता येईल.

हे फक्त आमच्या खोऱ्यापुरतं नाही म्हणून एवढं लिहितेय. शिक्षणहक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असं आहे. आरोग्य केंद्र लोकसंख्येवर, सपाटीला तीस हजारांमागे एक, डोंगरी नि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक. डोंगरी भागाला वेगळा आकडा दिला म्हणजे अडचण कुणाला तरी कळलेली आहे, पण मोजमाप मात्र माणसांचं आणि किलोमीटरचं, वेळ कुठेच नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा होते तेव्हा सात वर्षांच्या पोराला ओढा भरलेला असताना तिथे पोचायला किती मिनिटं लागतील हा पहिला प्रश्न पाहिजे, आणि त्याचं उत्तर आज काढता येतं, अंदाजाने बोलायची गरज उरलेली नाही.

जागतिक पातळीवर हे झालंय. २०२० मध्ये मलेरिया अ‍ॅटलस या संशोधन प्रकल्पातल्या लोकांनी सगळ्या जगाचा दवाखान्यापर्यंतच्या वेळेचा नकाशा केला, त्यात ओपनस्ट्रीटमॅपचाही डेटा होता. निघालं असं की वाहन मिळालं तरी ८.९ टक्के लोक एका तासात दवाखान्यात पोचू शकत नाहीत, आणि पायी जायचं असेल तर ४३.३ टक्के. पण तो नकाशा एक-एक किलोमीटरच्या चौकोनांचा आहे. आमच्या धक्क्याच्या अलीकडची वाडी आणि पलीकडचं पाणी त्यात वेगळं कसं दिसणार. ते काम जवळून बघणाऱ्यानेच करावं लागतं, दुसरं कुणी येऊन करणार नाही.

तापोळ्याजवळ मोठा पूल बांधायला घेतलाय. तो झाला की माझे तिन्ही नकाशे पुन्हा काढावे लागतील आणि मी आनंदाने काढीन. तोवर दिवाळीत गेले की वरच्या दोन वाड्यांच्या वाटा राहिल्यात त्या चालायच्या आहेत. मामा म्हणालाय बरोबर येतो, त्याचे गुडघे दुखतात तरी. म्हणाला, माझाच वेळ धर, म्हाताऱ्या माणसाचा, दवाखान्यात आम्हीच जातो.